जिनीव्हाच्या तीस मुली

घरातील सात-आठ वर्षांच्या मुलीला ताप भरला, तर काळजी तिच्या आईबापांना वाटते. फार तर शेजारीपाजारी येऊन विचारपूस करतात. परंतु १७७० नंतरच्या दोन दशकांत जिनीव्हा शहरात काही मुली अशा होत्या, की त्यांच्या दुखण्याखुपण्याशी साऱ्या शहराच्या पैशाचा संबंध होता. ज्यांनी त्या मुलींना जवळून पाहिलेही नव्हते अशा अनेकांचे उत्पन्न त्यांच्या आयुष्याला बांधलेले होते. या मुली राजकन्या नव्हत्या, की एखाद्या मोठ्या जहागिरीच्या वारसही नव्हत्या. त्या चांगल्या खात्यापित्या घरच्या, निरोगी मुली होत्या, एवढेच त्यांचे वैशिष्ट्य. त्यांपैकी एखादी जिवंत असेपर्यंत फ्रान्सच्या राजाच्या खजिन्यातून तिच्या नावावर दरसाल ठरलेली रक्कम येत राही. तिने डोळे मिटले, की ती रक्कम कायमची बंद होई. इतिहासात या मुली ‘जिनीव्हाच्या तीस मुली’ म्हणून ओळखल्या जातात. एका बलाढ्य राज्याच्या तिजोरीला त्यांनी, स्वतःला काही कळण्याच्या आतच, मोठी गळती लावली.

ही हकीकत समजण्यासाठी तो व्यवहार काय होता हे पाहिले पाहिजे. तहहयात वर्षासन ही कल्पना मराठी माणसाला अपरिचित नाही. पेशवाईच्या दप्तरांत वर्षासनांचे उल्लेख जागोजाग आढळतात. परंतु तेथे वर्षासन हे दान असे किंवा सरकारची कृपा असे. युरोपात राज्यांनी तीच गोष्ट विक्रीस काढली. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याने एकरकमी शंभर मोहरा सरकारात भराव्यात. सरकारने त्याला दरसाल आठ किंवा दहा मोहरा द्याव्यात. आणि ठरलेल्या व्यक्तीचा मृत्यू झाला म्हणजे देणे संपावे, मुद्दल परत मागू नये. लढाईला पैसा हवा असलेल्या राजाला हा मार्ग सोयीचा वाटे. कर्जाची फेड आपोआप, काळाच्या हातून होत असे.

यात एक बारीकशी सवलत होती, आणि सारी गोम त्या सवलतीत होती. वर्षासन कोणाच्या आयुष्यावर चालावे, हे खरेदी करणाराने ठरवावयाचे असे. साठीच्या सावकाराने पैसे भरून आपल्या नातवाचे नाव लिहून दिले तरी चाले. परक्याच्या मुलीचे दिले तरीही चाले. म्हणजे गिऱ्हाईक आले, पैसे मोजले, एक नाव लिहून दिले आणि गेले. त्या नावामागची व्यक्ती तरुण की वृद्ध, सशक्त की रोगी, दीर्घायुषी घराण्यातील की अल्पायुषी, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असे. विकणाऱ्या सरकारला ठाऊक नसे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे मूठ गिऱ्हाइकाची होती, आणि तिच्यात काय आहे हे न पाहता सरकारने तिचा भाव आधीच जाहीर करून ठेवला होता.

सरकारांना याची जाणीव कोणी करून दिलीच नाही, असे मात्र नव्हे. १६७१ साली हॉलंडचा मुख्य कारभारी योहान द विट याने वर्षासनांच्या खऱ्या मोलाविषयी एक अहवाल आपल्या राज्यसभेपुढे ठेवला. फ्रान्सशी युद्ध जुंपण्याची चिन्हे दिसत होती, आणि पैसा उभारावयाचा होता. त्या वेळी तहहयात वर्षासन वार्षिक रकमेच्या चौदा पट किमतीला विकले जाई. द विटने आयुष्याच्या संभवाचे गणित मांडून दाखविले, की लहान व निरोगी जिवावर घेतलेल्या वर्षासनाचे मोल सोळा पटींच्या आसपास भरते. म्हणजे राज्य आपला माल स्वस्तात विकत होते. हा माणूस गणिती होता आणि राज्यकर्ताही होता. पुढच्याच वर्षी, २० ऑगस्ट १६७२ रोजी, हेग शहरात संतप्त जमावाने त्याची व त्याच्या भावाची हत्या केली. त्यामागची कारणे राजकीय होती. परंतु त्याच्याबरोबर त्याचा हिशेबही दीर्घकाळ विस्मृतीत गेला.

त्यानंतर बावीस वर्षांनी इंग्लंडात खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली याने तोच प्रश्न हाती घेतला. ब्रेस्लाउ नगरातील, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफ शहरातील, जन्ममृत्यूच्या नोंदी कास्पार नॉयमान या धर्मोपदेशकाने जमविल्या होत्या. त्यांच्या आधारे हॅलीने १६९३ मध्ये मृत्युकोष्टक तयार केले: अमुक वयाच्या शंभर माणसांपैकी पुढच्या वर्षी किती उरतील, त्याच्या पुढच्या वर्षी किती, असे. त्यावरून प्रत्येक वयाच्या माणसाच्या वर्षासनाची किंमत निरनिराळी असली पाहिजे, हे उघड झाले. आणि गंमत अशी, की त्याच सुमारास इंग्लंडचे सरकार वयाची चौकशी न करता सरसकट चौदा टक्क्यांनी वर्षासने विकत होते. आपल्या निबंधात हॅलीने या योजनेचा उल्लेख करून ती घेणाराच्या किती फायद्याची आहे हेही नमूद केले. फ्रान्समध्ये १७४६ साली आंत्वान देपार्स्यू याने मानवी आयुर्मर्यादेवर ग्रंथ लिहिला, आणि त्यात वर्षासन घेणाऱ्यांच्याच नोंदींवरून उत्तम कोष्टके दिली. म्हणजे पंधराव्या लुईच्या राज्यात हे ज्ञान पॅरिसच्या पुस्तकांच्या दुकानात विकत मिळत होते.

असे असूनही १७७० नंतरच्या दशकात फ्रेंच राजस्वखात्याने वर्षासने सरसकट दराने विकावयास काढली. एका जिवावर सुमारे दहा टक्के. मग तो जीव पाच वर्षांचा असो की पासष्ट वर्षांचा. पुढे १७७६ च्या अखेरीस झाक नेकेर हा खजिन्याचा सूत्रधार झाला. तो जन्माने जिनीव्हाचा आणि धंद्याने पेढीवाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्स १७७८ मध्ये उतरला. नवे कर बसवावयाचे नाहीत, असा नेकेरचा बाणा होता. तेव्हा युद्धाचा खर्च कर्जावर आणि त्यातही फार मोठ्या प्रमाणावर या तहहयात वर्षासनांवर चालला. नेकेरला हिशेब कळत नव्हता असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु पैसा तातडीने हवा होता, आणि दर सोपा असला, चौकशी कमी असली म्हणजे गिऱ्हाईक लवकर येते, हा पेढीवरचा जुना अनुभव होता. गिऱ्हाईक लवकर आले, हे खरे. पण कोणते गिऱ्हाईक आले, हा प्रश्न तसाच राहिला.

जिनीव्हाच्या पेढीवाल्यांनी हा प्रश्न फ्रान्सच्या वतीने नव्हे, तर स्वतःच्या वतीने सोडविला. दर सर्वांना एकच असेल, तर ज्यांचे आयुष्य सर्वांत लांब होण्याचा संभव आहे अशीच नावे द्यावीत, हे उघड होते. बालमृत्यूचा सर्वांत घातक काळ पहिल्या काही वर्षांचा. म्हणून तो ओलांडलेली मुले घ्यावीत. पुरुषांहून स्त्रियांचे आयुष्यमान अधिक, शिवाय त्यांना लढाईवर जावे लागत नाही आणि समुद्रप्रवासही सहसा घडत नाही; म्हणून मुली घ्याव्यात. त्या काळी युरोपात देवीच्या साथीचा कहर असे. म्हणून ज्यांना देवी येऊन गेल्या आहेत किंवा टोचून झाल्या आहेत अशाच मुली निवडाव्यात. या बाबतीत जिनीव्हा पुढारलेले होते. तेथील वैद्य तेओदोर त्रोंशां याने १७५६ मध्ये ऑर्लिअन्सच्या ड्यूकच्या मुलांना देवी टोचून साऱ्या फ्रान्सचे लक्ष वेधले होते. मुलींची घराणी सुस्थितीतील आणि दीर्घायुषी असावीत, याकडेही लक्ष दिले जाई. निवड करताना वैद्यांचा सल्ला घेतला जाई.

अशा साधारण तीस मुलींची यादी केली जाई. एकाच मुलीवर सारा पैसा लावला आणि ती दगावली तर सर्वस्व बुडेल. तिसांवर वाटला तर एकीच्या मृत्यूने उत्पन्नाचा तिसावा हिस्सा जाईल, बाकीचे चालू राहील. पेढीवाले या तीस नावांवर फ्रान्सकडून वर्षासने घेत, ती एकत्र करीत आणि त्या एकत्रित उत्पन्नाचे भाग सामान्य लोकांना विकत. त्यामुळे जिनीव्हातील लहान बचतदारही या व्यवहारात भागीदार झाले. फ्रान्सच्या राजाला कर्ज द्यावे आणि ते आपल्या शेजारच्या मुलीच्या आयुष्यभर वसूल करावे, असा हा प्रकार होता.

यात फायदा किती, याचा अंदाज साध्या हिशेबाने करता येतो. शंभर लिव्र भरले आणि दरसाल दहा लिव्र मिळू लागले, असे धरावे. लिव्र हे त्या वेळचे फ्रेंच चलन. बाजारात व्याजाचा दर पाच टक्के असेल, तर हे वर्षासन सुमारे चौदा वर्षे चालले की मुद्दल व्याजासह वसूल होते. साठी ओलांडलेल्या माणसाच्या नावावर घेतलेल्या वर्षासनात म्हणूनच दोन्ही पक्षांची जवळजवळ बरोबरी होई. परंतु तेच वर्षासन पंचेचाळीस वर्षे चालले, तर त्याचे आजचे मोल शंभर नव्हे, सुमारे एकशे सत्त्याहत्तर लिव्र भरते. सात वर्षांच्या निरोगी मुलीने आणखी पंचेचाळीस वर्षे जगणे यात काही नवल नव्हते. म्हणजे शंभराच्या मोबदल्यात राजा पावणेदोनशेच्या आसपास देणे पत्करीत होता, आणि तेही आपल्याला स्वस्तात कर्ज मिळाले अशा समजुतीत.

या प्रकरणातील खरी मार्मिक गोष्ट पुढेच आहे. गिऱ्हाइकाच्या मनातील गोष्ट सरकारला दिसत नव्हती, हे खरे. परंतु त्याची कृती दिसत होती. पॅरिसच्या वह्यांत एकाच शहरातील, एकाच वयाच्या, मुलींचीच नावे पुन्हा पुन्हा उतरत होती. नाव लिहून देणे ही नुसती औपचारिक बाब नव्हती. ती एक खूण होती. आपण कोणत्या प्रकारचे गिऱ्हाईक आहोत, हे खरेदी करणारा आपल्या निवडीनेच सांगत होता. ती खूण वाचण्याचे ज्ञान देपार्स्यूच्या ग्रंथात होते, आणि ती नोंदविण्याची वही खजिन्यात होती. परंतु ग्रंथ एका दालनात आणि वही दुसऱ्या दालनात, अशी स्थिती होती. कारभारात हे पुष्कळदा घडते. माहिती नसते म्हणून नुकसान होते, त्यापेक्षा माहिती असूनही ती ज्याने वाचावयाची त्याच्यापुढे येत नाही, म्हणून अधिक होते.

१७८८ पर्यंत फ्रेंच राज्याच्या खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग कर्जापायी जाऊ लागला, आणि त्यात या वर्षासनांचा वाटा मोठा होता. पुढच्या वर्षी क्रांती झाली. क्रांतीची कारणे अनेक आहेत, आणि तीस मुलींवर तिचे खापर फोडणे हास्यास्पद ठरेल. परंतु ज्या दिवाळखोरीमुळे राजाला १७८९ मध्ये लोकप्रतिनिधींची सभा बोलवावी लागली, तिच्या हिशेबात हेही एक कलम होते.

मग जिनीव्हाचे चतुर लोक जिंकले काय? तसे झाले नाही. त्यांनी मुलींच्या प्रकृतीची कसून परीक्षा केली होती. परंतु देणेदाराच्या प्रकृतीची केली नव्हती. मुली जगल्या, राज्य मेले. क्रांतिकाळात वर्षासनांची रक्कम ‘असिन्या’ या कागदी चलनात मिळू लागली, आणि त्या चलनाची किंमत दिवसेंदिवस घसरत गेली. मे १७९४ मध्ये कांबों याच्या पुढाकाराने तहहयात वर्षासनांची पुनर्रचना करणारा कायदा झाला. जो विचार विक्रीच्या वेळी करावयास हवा होता, तो, म्हणजे प्रत्येकाच्या वयाचा विचार, फेडीच्या वेळी करण्यात आला. या गणितातील तज्ज्ञ एमान्युएल-एतिएन द्यूव्हिलार याने त्यापूर्वीच, १७८७ मध्ये, वर्षासनांच्या हिशेबावर ग्रंथ लिहिला होता. आणि तोही जन्माने जिनीव्हाचाच. पुढे १७९७ मध्ये फ्रान्सने आपल्या कर्जाचा दोनतृतीयांश भाग जवळजवळ बुडविला. जिनीव्हातील नामांकित पेढ्या कोसळल्या. ज्यांनी त्यांच्यावर विश्वासून आयुष्याची पुंजी गुंतविली होती त्यांच्या हाती कागद उरले. १७९८ मध्ये ते प्रजासत्ताकच फ्रान्समध्ये विलीन झाले.

इंग्लंडने या प्रकरणापासून धडा घेतला असेल, असे वाटते. १८०८ साली ब्रिटिश सरकारने वर्षासने विकण्याची नवी योजना आखली, तेव्हा वयानुसार दर ठेवले. परंतु त्यासाठी जे मृत्युकोष्टक वापरले तेच चुकीचे होते. रिचर्ड प्राइस याने नॉर्दम्टन गावातील नोंदींवरून ते तयार केले होते. त्यात जन्मांची संख्या बाप्तिस्म्याच्या नोंदींवरून घेतली होती. पण गावातील काही पंथांचे लोक मुलांना बाप्तिस्मा देत नसत. जन्म कमी आणि मृत्यू पूर्ण मोजले गेल्यामुळे माणसे असतात त्यापेक्षा लवकर मरतात असे दिसू लागले. विमा कंपन्यांना हे कोष्टक वरदान ठरले, कारण विमा उतरविणारा जितका लवकर मरेल असे धरावे तितका हप्ता अधिक. वर्षासन विकणाऱ्या सरकारला मात्र तेच घातक ठरले. जॉन फिनलेसन या हिशेबतज्ज्ञ अधिकाऱ्याने ही चूक १८१९ च्या सुमारास सरकारच्या नजरेस आणून दिली. ती विक्री बंद होण्यास १८२८ साल उजाडले. मधली सारी वर्षे चूक कळलेली होती, आणि विक्री चालू होती.

त्यानंतर नवी, शुद्ध कोष्टके आली. स्त्रियांचे व पुरुषांचे दर वेगळे झाले. आता तरी गिऱ्हाइकाला फट उरली नसेल, अशी समजूत झाली. परंतु अतिवृद्धांना मिळणारा दर फार मोठा होता, कारण नव्वदीचा माणूस सरासरीने फार दिवस जगत नाही. काही धूर्त गुंतवणूकदारांनी नेमक्या या ‘सरासरी’वर बोट ठेवले. त्यांचे हस्तक खेडोपाडी, स्कॉटलंडपर्यंत हिंडले, आणि नव्वदीतही ताठ चालणारे, कष्ट करणारे म्हातारे शोधून त्यांच्या नावांवर वर्षासने घेऊ लागले. पूर्वी जिनीव्हाने लहान मुली शोधल्या. आता लंडनने काटक म्हातारे शोधले. कोष्टक चूक असताना तोटा झाला, आणि कोष्टक बरोबर असतानाही झाला. कारण कोष्टक सर्व माणसांचे असते, आणि दारात येणारी माणसे निवडून आलेली असतात. हा फरक ज्याने ओळखला नाही, त्याची शुद्ध आकडेवारीही त्याला फसविते.

या साऱ्या घटनांना एका सूत्रात बांधणारे शास्त्र मात्र विसाव्या शतकात निर्माण झाले. गेम थिअरी, म्हणजे परस्परांच्या डावपेचांचे गणित, ही विद्या प्रथम असे धरून चालली, की बुद्धिबळाच्या पटावरच्या खेळाडूंप्रमाणे दोन्ही पक्षांना सर्व सोंगट्या दिसतात. व्यवहारात असे नसते. जॉन हर्सान्यी याने १९६७-६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखमालेत यावर तोड काढली. समोरचा खेळाडू अनेक संभाव्य ‘प्रकारां’पैकी एक आहे असे धरावे, आपला प्रकार त्याला ठाऊक आहे, आपल्याला केवळ प्रत्येक प्रकाराचा संभव ठाऊक आहे, आणि तो जी चाल करील तिच्यावरून आपला अंदाज सुधारत जावा. पॅरिसच्या खजिन्याने जे करावयास हवे होते, त्याचेच हे गणिती रूप होय.

१९७० मध्ये जॉर्ज ॲकरलॉफ याने दाखविले, की विकणारा आणि घेणारा यांपैकी एकालाच मालाचा गुण ठाऊक असेल, तर सरासरी भावामुळे चांगला माल बाजारातून निघून जातो, मग सरासरी आणखी खाली येते, आणि शेवटी बाजारच मोडतो. त्याचे मुख्य उदाहरण जुन्या मोटारींचे होते. हा लेख तीन नियतकालिकांनी परत केला होता, आणि नंतर तो शास्त्राचा आधारस्तंभ ठरला. भारतीयांना त्यात एक विशेष आस्था वाटावी अशी बाब आहे: ॲकरलॉफने त्यात भारतातील ग्रामीण सावकारीचेही उदाहरण घेतले आहे. परक्या सावकाराला गावात कर्ज देणे का परवडत नाही, आणि गावच्या सावकाराला का परवडते? कारण कोणते कूळ पैसे फेडील आणि कोणते बुडवील, हे दुसऱ्याला ठाऊक असते आणि पहिल्याला नसते. नेमके बुडविणारेच परक्याच्या दारी गर्दी करतात.

यावर उपाय कोणते? मायकेल स्पेन्स याने १९७३ मध्ये खुणांचा विचार मांडला. खूण विश्वसनीय केव्हा ठरते? जेव्हा ती करणे खऱ्याला स्वस्त आणि खोट्याला महाग पडते तेव्हा. ‘मी निरोगी आहे’ असे तोंडाने म्हणावयास दोघांनाही काही पडत नाही. म्हणून त्या शब्दांना किंमत नसते. १९७६ मध्ये रॉथशिल्ड व स्टिग्लिट्झ यांनी विमा कंपनीच्या बाजूने हा प्रश्न पाहिला. कंपनीने एकच करार न ठेवता दोन ठेवावेत. एकात हप्ता जास्त, पण नुकसानीची पूर्ण भरपाई; दुसऱ्यात हप्ता कमी, पण नुकसानीचा काही भाग विमेदाराने सोसावयाचा. ज्याला आपण वारंवार आजारी पडणार हे ठाऊक आहे तो पहिला घेईल. ज्याला आपल्या प्रकृतीचा भरवसा आहे तो दुसरा घेईल. कोणालाही प्रश्न न विचारता दोघे आपापल्या प्रकारानुसार वेगळे होतील. ॲकरलॉफ, स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हर्सान्यीला त्यापूर्वी, १९९४ मध्ये, इतर दोघांसमवेत मिळाले होते.

ही युक्ती सुबक आहे; पण ती फुकट नाही. निरोगी माणसालाही पूर्ण विम्याचे संरक्षण हवेच असते. आपण निरोगी आहोत हे पटवून देण्यासाठी त्याला ते सोडावे लागते, आणि संकटाचा काही भार स्वतःच्या डोक्यावर ठेवावा लागतो. दुसऱ्याच्या झाकलेल्या मुठीचा दंड त्याला भरावा लागतो.

याहून मोठा अन्याय तेव्हा घडतो, जेव्हा खूणच खोटी धरली जाते. त्याचे उदाहरण भारताच्याच इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात येथे व्यवसाय करणाऱ्या परदेशी विमा कंपन्या भारतीयांचे विमे एक तर उतरवीत नसत, किंवा युरोपियनांपेक्षा जबर जादा हप्ता घेऊन उतरवीत. तेथे माणसाची प्रकृती, सवयी, धंदा, घराणे यांची चौकशी नव्हती. जन्म हीच खूण मानली होती. ही खूण कोणी निवडलेली नव्हती, आणि कोणाला ती बदलताही येण्याजोगी नव्हती. मुंबईतील कणखर प्रकृतीचा, निर्व्यसनी कारकून आणि खंगलेला रोगी हे दोघेही त्या कोष्टकात एकाच रकान्यात बसत. १८७० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बाँबे म्युच्युअल या संस्थेने भारतीयांचे विमे सामान्य दराने उतरविण्यास सुरुवात केली. १८७४ मध्ये मुंबईतच ओरिएंटल कंपनी निघाली. या संस्थांनी केवळ स्वस्त विमा दिला नाही; माणसाची पारख जन्मावरून न करता त्याच्या स्वतःच्या प्रकृतीवरून करावी, हे तत्त्व व्यवहारात उतरवून दाखविले. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले तेव्हा या साऱ्या परंपरा त्यात येऊन मिळाल्या.

म्हणजे चुका दोन्ही बाजूंनी होतात. फ्रान्सच्या खजिन्याने काहीच विचारले नाही, आणि आपण सर्वांना समान वागवितो असे मानले. परिणामी फ्रान्समधील करदात्या शेतकऱ्याचा पैसा जिनीव्हाच्या भागीदारांकडे वाहत गेला. काही न विचारणे म्हणजे समता नव्हे. कधी कधी ती ज्याला माहिती आहे त्याला दिलेली बक्षिसी असते. उलट, परदेशी विमा कंपन्यांनी भलतेच विचारले, आणि जन्माच्या खुणेला प्रकृतीची खूण मानले.

तिसराही एक मार्ग आहे. निवड करण्याची मुभाच काढून घेणे, म्हणजे सर्वांना एकाच योजनेत सक्तीने सामील करणे. मग कोणी निवडून येत नाही, आणि सरासरी ही खरीखुरी सरासरी राहते. १९६५ मध्ये अमेरिकेत पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी सरकारी आरोग्य विम्याचा कायदा झाला. ॲकरलॉफने आपल्या लेखात त्याचे समर्थन याच विचाराने केले, कारण खाजगी बाजारात त्या वयाच्या लोकांना योग्य दराने विमा मिळणेच दुरापास्त झाले होते. यात सशक्ताला थोडे अधिक द्यावे लागते आणि अशक्ताला थोडे कमी. हे न्याय्य आहे की नाही, हे गणित सांगत नाही. ते समाजाने ठरवावे लागते.

आज हा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे. माणसाच्या रक्ताच्या थेंबावरून पुढे त्याला कोणते रोग जडण्याचा संभव आहे, याचा अंदाज पुष्कळ बाबतींत बांधता येतो. जिनीव्हाच्या वैद्यांना घराण्याची चौकशी करावी लागे. आता प्रयोगशाळा ते काम करते. प्रत्येक मूठ उघडी पडली, तर ज्याच्या मुठीत दुर्दैव आहे त्याला विमा कोण देणार? विमा ही संस्थाच मुळी या गोष्टीवर उभी आहे, की उद्या कोणावर काय ओढवेल ते कोणालाच पुरते ठाऊक नसते, म्हणून सर्वांनी मिळून भार उचलावा. अज्ञानाने फ्रान्सचा खजिना रिकामा झाला; सर्वज्ञतेने ही परस्परांच्या आधाराची व्यवस्था रिकामी होऊ शकते.

त्या तीस मुलींना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांच्या नावांवर पैसे लावताना त्यांची गुणवत्ता एवढीच मोजली गेली, की त्या किती वर्षे श्वास घेत राहतील. त्यांपैकी अनेकींनी हिशेबनिसांची अपेक्षा पुरी केली आणि त्या जगल्या. त्यांच्या आयुष्यावर काढलेली कर्जे मात्र त्यांच्याआधीच निकालात निघाली. गिऱ्हाइकाला काय विचारावे, काय विचारू नये, आणि त्याच्या उत्तरापेक्षा त्याच्या निवडीकडे केव्हा पाहावे, हे त्या काळच्या राजस्वखात्याला ठरविता आले नाही. ज्या ज्या कचेरीत सरसकट दराचा फलक लागतो, त्या त्या कचेरीपुढे तोच प्रश्न आजही उभा असतो. आणि त्याचे उत्तर चुकले तर त्याची किंमत सहसा दर ठरविणारा देत नाही, ज्याचे नाव कोणत्याच यादीत नसते असा सामान्य माणूस देतो.